पीएस६ : नव्या चिपची चर्चा, पण डिस्क ड्राइव्ह राहणार का?

प्लेस्टेशन ६बाबत अंदाजांना ऊत आला आहे. त्यातले ठोस किती?

चिप : ऑक्टोबर २०२५मध्ये सोनीचे मार्क सर्नी यांनी एएमडीसोबतच्या ‘प्रोजेक्ट अ‍ॅमेथिस्ट’ची माहिती दिली. प्रकाश-सावल्यांचे गणित करणारे ‘रेडियन्स कोअर’ त्यात आहेत. मात्र, तेव्हा हे तंत्रज्ञान सिम्युलेशनपुरतेच होते. कन्सोल ‘काही वर्षांत’ येईल, इतकेच ते म्हणाले.

डिझाइन : २०२३च्या पीएस५मध्ये डिस्क ड्राइव्ह काढता येऊ लागला. २०२४च्या प्रोसाठी तो वेगळा विकत घ्यावा लागतो. पीएस६मध्येही हाच कल राहील, असा अंदाज त्यातूनच बांधला जातो.

तुम्हाला काय फरक पडेल? डिस्क मित्राला देता येते, खेळून झाली की विकता येते. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. म्हणून चिपच्या वेगाइतकेच लक्ष ड्राइव्हकडेही ठेवा.