भाताचा मऊपणा बियाण्यांत

पानांतला भात गोळा झाला कीं दोष लागलीच रांधणाऱ्या माउलीस दिला जातो. पाणी किंवा आंच चुकते, हें खरें. परंतु पुष्कळदां हा दोष पातेल्यांत नसून बियाण्यांत असतो.

तांदळाच्या दाण्यांत मुख्यत्वें पिष्ट म्हणजे स्टार्च असतें. त्याचे घटक दोन : बहुतांशीं सरळ साखळीचें अमायलोज व अनेक फांद्यांचें अमायलोपेक्टिन. अमायलोज अधिक असेल तर भात मोकळा होतो, पण निवल्यावर टणक पडतो. कमी असेल तर मऊ व चिकट होतो. दाण्यांत अमायलोज किती व्हावें, हें मुख्यतः सहाव्या गुणसूत्रावरील ‘वॅक्सी’ नांवाचें जनुक ठरवितें. त्यांतील एकाच अक्षराच्या फेरानें अमायलोज घटतें. जनुकच निकामी झालें तर तें जवळजवळ नाहींसें होतें. आनुवंशिक लेखांतील एवढासा पाठभेद, पण त्याची प्रचीति थेट जिभेला येते!

आपल्या जिल्ह्यांतील इगतपुरीच्या खाचरांत पिकणारा इंद्रायणी तांदूळच पाहा. वडगांव मावळ येथील संशोधन केंद्रानें आंबेमोहर व आय. आर. ८ यांच्या संकरांतून तो सिद्ध केला व १९८७ सालीं तो प्रसारित झाला. आय. आर. ८ ही फिलिपाईन्समधील संस्थेची १९६६ सालची जात. रोप ठेंगणें, उत्पन्न भरघोस, पण अमायलोज अधिक असल्यामुळें भात निवतांच कडक. आंबेमोहर सुवासिक व मऊ, परंतु उंच वाढून लोळणारा व थोडा पिकणारा. दोघांचे गुण एकत्र आले, म्हणून इंद्रायणी घरोघरीं पोंचला.

“नवें बियाणें आल्यावर जुनें कशास राखावें?” असें कोणी म्हणतात. मला हें मत घातक वाटतें. मावळच्या शेतकऱ्यांनीं आंबेमोहर टाकून दिला असता, तर शास्त्रज्ञांनीं संकर कशाशीं केला असता? गेलेला वाण पैसे मोजून परत मिळत नाहीं. ज्याला कुटुंब पोसावयाचें आहे, त्यानें सारें शेत कमी पिकणाऱ्या वाणाला द्यावें, असें मी म्हणत नाहीं. पण एक लहानसें खाचर द्यावें, आणि आम्हीं शहरांतल्यांनीं त्या तांदळाला योग्य मोल द्यावें.

विद्यार्थीमित्रहो, सुटींत गांवीं जाल तेव्हां आजोबांस जुन्या भातांचीं नांवें विचारा व लिहून आणा. कणगींत एखादें बीं शिल्लक असेल, तर पुढच्या पेरणीस तें विसरूं नका.