लादी, गर्दी आणि अभिरुचीचे पहारेकरी

पाककृतीला संहिता म्हणायचे नाही, असा आपल्या साहित्यव्यवहाराचा एक अलिखित दंडक आहे. स्वयंपाकघराच्या आठवणी चालतात, त्यांना ललितगद्य म्हणतात. अन्नाविषयीचे चिंतन चालते, त्याला संस्कृतिसमीक्षा म्हणतात. परंतु 'मांस पातळ कापावे, कांदा परतावा, वर चीज पसरावे' असे गद्य समोर आले की आमचे प्राध्यापक-मित्र ते न वाचताच बाजूला सारतात. आणि ती पाककृती चार जाणकारांसाठी नसून चाळीस भुकेल्यांसाठी असली, तर ज्यांना पाककृतीविषयी आस्था आहे तेही नाक मुरडतात. या दुहेरी तुच्छतेशी आमचे भांडण आहे. ते आम्ही मुद्दाम एका 'हलक्या' समजल्या जाणाऱ्या पाककृतीच्या आधारे मांडणार आहोत : अमेरिकी घरांतून गर्दीसाठी ओव्हनमध्ये एकदम भाजले जाणारे स्टेक-चीज स्लायडर्स.

ज्यांना हा पदार्थ ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी कृतीच सांगतो. बारा-बारा छोट्या गोड पावांच्या दोन लाद्या घ्याव्यात. पाव सुटे न करता अख्खी लादी आडवी कापावी, म्हणजे एक तळ आणि एक झाकण मिळते. सुमारे ९०० ग्रॅम रिबाय किंवा सरलॉइन अर्धवट गोठवून घ्यावे, कारण मऊ मांस कागदासारखे पातळ कापले जात नाही. कढत तव्यावर ते थोडे थोडे परतावे. एकदम सगळे टाकले तर पाणी सुटते आणि मांस भाजण्याऐवजी उकडते. कांदा आणि ढोबळी मिरची वेगळी परतावी. तळाच्या लादीवर आधी प्रोव्होलोन चीजचा थर, मग निथळलेले मांस, मग भाजी, पुन्हा चीज, मग झाकण. वितळलेल्या लोण्यात मोहरीची चटणी, वूस्टरशर सॉस आणि लसूण मिसळून वरून माखावे. फॉइलने झाकून १८० अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे, मग फॉइल काढून आणखी पाच-सात मिनिटे. सुरी त्यानंतर चालवायची, आधी नाही.

आता या मजकुराकडे मजकूर म्हणून पाहा. इंग्रजी पाककृती आज्ञार्थात बोलते, समोर एक 'तू' गृहीत धरते, आणि तिची लकब अशी की तिथे कर्म गळते. 'सोनेरी होईपर्यंत भाजा', 'गरम वाढा' : काय भाजा, काय वाढा, हे सांगायची गरज उरत नाही. मराठीची परंपरागत पाककृती विध्यर्थात बोलते. 'कांदा परतावा', 'मिरची परतावी', 'लोणी माखावे' : क्रियापद कांद्याचे लिंग घेते, मिरचीचे घेते, लोण्याचे घेते. परतणारीचे घेत नाही. ती तृतीयेत जाते आणि तृतीयेतून वाक्याबाहेर. एका भाषेने पदार्थ गाळला, दुसरीने बाई गाळली. शैलीविज्ञानाच्या तासाला कवितेतील कर्तृलोपावर तासभर बोलणाऱ्यांनी रोजच्या डाळीच्या व्याकरणातला हा कर्तृलोप न पाहावा, याचे आम्हांला नवल वाटते. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. साठ वर्षांच्या या पट्ट्यात मराठी गद्य कसे बदलले, याचा शोध घेऊ पाहणाऱ्याने कादंबरीखेरीज ही पाने चाळायला काय हरकत आहे?

ही काही आमची नवी टूम नाही. सुझन लिओनार्डी यांचा पाककृतीच्या वाचनाविषयीचा निबंध १९८९ साली अमेरिकेच्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या मुखपत्रात आला. त्याच्या शीर्षकातच पास्ता, लॉब्स्टर आणि की लाइम पाय आहेत. पाककृती ही देवाणघेवाणीची, कुणीतरी कुणालातरी सुचवलेली, संदर्भात रुतलेली कथनप्रकृती आहे, असा त्यांचा प्रतिपाद्य विषय. तेव्हापासून साडेतीन दशके उलटली. आमच्याकडे सिद्धांत बोटीने येत असत तेव्हाही इतका वेळ लागत नव्हता.

आता शुद्धतावाद्यांकडे वळू. त्यांचे म्हणणे असे की, हा पदार्थ मुळात फिलाडेल्फियाच्या चीजस्टेकचा भ्रष्ट अवतार आहे. लांब पाव नाही, तव्यावरून थेट हाती येणे नाही, वर गोडसर लादी. म्हणजे हा स्वयंपाक नव्हे, जुळवाजुळव. या आक्षेपाचा इतिहास तपासावा. पॅट आणि हॅरी ऑलिव्हिएरी या भावांनी दक्षिण फिलाडेल्फियातील इटालियन बाजाराजवळ १९३० च्या सुमारास पावात पातळ कापलेले मांस भरले, तेव्हा त्यात चीज नव्हतेच. ते नंतर आले. चीज व्हिज हा बरणीतला पिवळा पदार्थ, ज्याच्यावाचून 'अस्सल' चीजस्टेक नाही असे अनेक फिलाडेल्फियाकर शपथेवर सांगतात, तो तर १९५० च्या दशकातला. म्हणजे ज्या मुळाशी इमान राखायचे ते मूळच दर वीस वर्षांनी हलत आले आहे. स्लायडरची कुळकथाही तशीच. व्हाइट कॅसल ही साखळी १९२१ साली कॅन्ससमधील विचिटा इथे सुरू झाली, पाच सेंटांना एक छोटा हॅम्बर्गर या दराने. तिथे मांसाची चौकोनी चकती कांद्याच्या थरावर ठेवून त्या वाफेत शिजवतात, आणि त्याच वाफेत वरचा पाव मऊ होतो. फॉइलखाली पंधरा मिनिटे कोंडलेली लादी याहून वेगळे काय करते? भ्रष्ट म्हणून हिणवलेल्या कृतीने घरच्या ओव्हनमध्ये वाफेचे तेच तत्त्व वापरले, एवढेच.

अस्सलपणाचा पहारा शेवटी कुठे पोचतो, याचे एक उदाहरण त्याच शहराने दिले आहे. फिलाडेल्फियातील एका प्रसिद्ध चीजस्टेकच्या दुकानावर 'ही अमेरिका आहे, मागणी इंग्रजीत करावी' अशा आशयाची पाटी होती. २००६ साली तिच्यावरून देशभर वादळ उठले. शहराच्या मानवी संबंध आयोगाने २००८ मध्ये ती पाटी भेदभाव ठरत नाही असा निर्वाळा दिला आणि २०१६ मध्ये ती उतरली. इटालियन स्थलांतरितांच्या वस्तीत जन्मलेल्या सँडविचला भाषेचा दाखला मागावासा वाटला, ही गंमत आम्ही जगाच्या अन्य भागांतील भाषाभिमान्यांच्या चिंतनासाठी इथे ठेवतो. असो.

आम्हांला अधिक रस लादीत आहे. अमेरिकेत या कृतीसाठी बहुधा जे पाव घेतात ते 'हवाईयन' म्हणून विकले जातात. त्यांच्या मागे पोर्तुगीज गोड पाव आहे. १८७८ पासून मदेरा आणि अझोर्स बेटांवरचे मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांवर आले, त्यांनी तो आणला. जपानी स्थलांतरितांच्या घरात जन्मलेल्या रॉबर्ट तैरा यांनी १९५० च्या दशकात हिलो इथे बेकरी काढून त्याला बाजाराचे रूप दिले. पोर्तुगीज पाव, जपानी वंशाचा भटारी, हवाईचे नाव, इटालियन चीज आणि वर इंग्लंडचा वूस्टरशर सॉस! आणि आपण ज्याला पाव म्हणतो तो शब्दही त्याच पोर्तुगीजांचा, गोव्याच्या वाटेने आलेला. एकमेकांना चिकटून फुगलेल्या पावांच्या सपाट ठोकळ्याला मराठीत नेमका शब्द आहे : लादी. इंग्रजीला तिथे दोन-तीन शब्दांची कसरत करावी लागते. भाषांतर करणाऱ्याचा हात इथे वरचढ आहे, हे आमच्या भाषांतरकारांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. ते 'स्लायडर बन्सचा ट्रे' असेच लिहीत राहतात.

लादी महत्त्वाची, कारण या कृतीचा सारा विचार तिच्यात आहे. तव्यावर एकेक सँडविच करून वाढणाऱ्याचा हिशेब पाहा. पहिल्याचे खाऊन झाले तरी बाराव्याच्या हाती काही पडलेले नसते, आणि करणारा शेवटी उभ्याने थंड तुकडा खातो. जाणकारांच्या पाककृतीत हा शेवटचा माणूस कधीच नसतो. लादीत चोवीस घास एकाच क्षणी तयार होतात आणि करणाऱ्याचे हात मोकळे होतात. पंक्तिप्रपंच नावाचे जे पाप आपल्या जुन्या जेवणावळींनी ओळखले आणि तरीही केले, त्याला या रचनेत फारशी जागा नाही. (कोपऱ्यातल्या चार पावांची कड कुरकुरीत होते आणि त्यांच्यावरून भांडणे होतात, हे मान्य.) अर्थकारणही पाहावे. स्टेक हा मुळात एकट्याचा पदार्थ : एक माणूस, एक तुकडा, एक ताटली. दहा जणांना प्रत्येकी सव्वादोनशे ग्रॅम वाढायचे तर सव्वादोन किलो मांस हवे. इथे ९०० ग्रॅममध्ये चोवीस पाव होतात, दर पावाला साडेसदतीस ग्रॅम, आणि दहा माणसे दोन-दोन खाऊन वर चार उरतात. चैनीच्या तुकड्याचे गर्दीच्या अन्नात झालेले हे रूपांतर आम्हांला अजिबात क्षुद्र वाटत नाही.

गर्दीसाठी लिहिणाऱ्या या गद्याची परंपराही बघावी. अमेरिकी यादवी युद्धात जखमी सैनिकांसाठी निधी जमवायला फिलाडेल्फियात १८६४ साली मोठा मेळा भरला. त्या निमित्ताने मारिया मॉस यांचे 'पोएटिकल कुक-बुक' निघाले. अमेरिकेतील निधीसंकलक पाकपुस्तकांच्या परंपरेचा आरंभ सहसा त्याच्यापासून धरतात. पुढे चर्चच्या तळघरांत, शाळांच्या मदतीसाठी, बायकांच्या मंडळांनी अशी असंख्य पुस्तके काढली, बरीचशी सर्पिल तारेत बांधलेली. त्यांत एकच कृती तिघींच्या नावांवर तीन प्रमाणांत सापडते. मूळ कुणाची, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची वार्ता १९६७ साली दिली. या मंडळांनी त्याआधी शंभर वर्षे लेखकावाचून संसार चालवला होता, आणि सुतक पाळले नव्हते.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे आणि तो डावीकडून येतो. ही कृती म्हणजे कारखान्यांची जाहिरात आहे. पावांचे पाकीट बाराचे म्हणून कृती चोवीसची, चीजच्या चकत्या कापलेल्या मिळतात म्हणून दोन थर. खरे आहे. फेब्रुवारीत सुपर बोलच्या रविवारी अशा लाद्या घरोघर भाजल्या जातात, त्यातला बाजार आम्हांला दिसतो. पण मग हा मजकूर वाचायचा कुणी? पाकिटाच्या मापाने वाक्याचे माप ठरते, हे दाखवण्याची हत्यारे ज्यांच्यापाशी आहेत ते वर्गात बसून भविष्यवादाचे जाहीरनामे शिकवीत आहेत.

आता आमच्या अंगणातले. असल्या कृती मराठीत येतात तेव्हा 'स्टेक' बहुधा वाटेतच गळतो. मथळा 'स्लायडर्स'चा आणि आत पनीर किंवा मश्रूम. पनीरचे स्लायडर चांगले होतात, कुणी करू नयेत असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप मौनाला आहे. कायद्याचे कारण पुढे केले जाईल. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने आहे. २०१५ साली दुरुस्तीने बैल-वळूंचाही समावेश झाला. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली, पण परराज्यातून आलेले मांस बाळगण्याविरुद्धचे कलम रद्द केले. म्हशीच्या मांसावर ती बंदी नाही. शिवाय कायदा कत्तलीविषयी आहे, शब्दाविषयी नाही. 'बदल आम्ही केला आहे, मूळ कृतीत गोमांस आहे' ही एक ओळ लिहायला कोणता कायदा आड येतो? ती ओळ गाळणारी लेखणी मराठी माणसांच्या ताटांविषयीही तेच करते. मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या अन्नाची नोंद करणारे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले. तोवर 'महाराष्ट्रीय पाककृती' या शीर्षकाखाली छापलेल्या किती पुस्तकांना हे अन्न आपल्या कक्षेत येते असे वाटले होते? या गाळण्याला आपण अभिरुची म्हणतो. पूर्णब्रह्माचा श्लोक म्हणून झाल्यावर पंगतीत कोण बसले नव्हते हे मोजायचे नाही, अशी ती अभिरुची आहे.

म्हणून पदव्युत्तर मराठीच्या भाषांतरविषयक प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न घालावा, अशी आमची अभ्यासमंडळांना सूचना आहे. वर दिलेली कृती कोणत्याही अमेरिकी मंडळाच्या पुस्तकातून इंग्रजीत छापावी. पहिले भाषांतर विध्यर्थात मागावे, दुसरे करणारीला वाक्यात परत आणून. मांसाचा शब्द बदलल्यास कारण लिहिणे सक्तीचे असावे. वेळ अडीच तास; कोशाची मुभा द्यावी, ओव्हनची नको, कारण त्या वासात पर्यवेक्षकांचेच लक्ष राहणार नाही.