हे 'नॉर्मल' आणलं कुठून?

गेल्या वर्षी बायकोची अक्कलदाढ काढली आणि रक्त काही लवकर थांबेना. इथल्या (म्हणजे न्यू जर्सीतल्या) डॉक्टरांनी चार दिवसांनी प्लेटलेटच्या कार्याची चाचणी करवली. रिपोर्ट आला: एडीपी 58 टक्के, नॉर्मल रेंज 60 ते 90. पुढे ठळक अक्षरात 'अ‍ॅबनॉर्मल'. झालं! घरात सुतक. तिकडे पुण्यात सासूबाईंनी नवसही बोलून टाकला.

मी पडलो इंजिनियर. 58 आणि 60 मधला फरक त्या यंत्राला तरी कळतो का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा, हे 60 आणलं कुठून? प्रयोगशाळेला फोन लावला. तीन माणसं बदलल्यावर उत्तर मिळालं: यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतून.

मंडळी, माझं भांडण इथे आहे.

चाचणी मुळात सुरेख. 1962 साली लंडनमध्ये गुस्टाव्ह बॉर्न (भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांचे चिरंजीव) यांनी ती मांडली. प्लेटलेटनी भरलेला प्लाझ्मा गढूळ असतो. त्यात एडीपी टाकलं की प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, तुरटी फिरवलेल्या पाण्यासारखा द्रव निवळतो आणि जास्त प्रकाश आरपार जातो. तो मोजायचा.

पण साखर मोजताना तपासून पाहायला ठरावीक मूल्याची बाटली मिळते, तशी इथे मिळत नाही. प्लेटलेट जिवंत असतात. रक्त काढल्यापासून साधारण चार तासांत काम उरकावं लागतं. सायट्रेट 3.2 टक्के की 3.8, रसायन किती तीव्र, नमुना हातात नेला की हवेच्या नळीतून धाडला, यावर उत्तर बदलतं. मग दुसऱ्याची रेंज तुम्हाला कशी चालेल? स्वतःची ठरवायला निदान 120 निरोगी माणसं लागतात. उसनी घेतलीत तरी 20 जणांवर पडताळा, दोनपेक्षा जास्त बाहेर पडले तर थांबा, असा प्रयोगशाळांचा रूढ नियम आहे. आणि निरोगी म्हणजे कोण? बहुतेकदा हाताशी असलेला, रात्रपाळी करून आलेला टेक्निशियन! शिवाय रेंज म्हणजे निरोगी लोकांतले मधले 95 टक्के. उरलेले पाच धडधाकट लोक व्याख्येनेच बाहेर.

तुम्ही म्हणाल, ही अमेरिकेची रडगाणी आम्हाला कशाला? 2002 साली पश्चिम बंगालच्या रक्तदात्यांवर एक लेख आला होता. त्यांच्यापैकी अनेकांच्या प्लेटलेट संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या, पण रक्तस्रावाचा त्रास कसलाही नाही. (हा मुद्दा संख्येचा, कार्याचा नव्हे, पण रोग तोच.) पुस्तकातल्या दीड ते साडेचार लाखांच्या मापाने मोजलं तर ही माणसं आजारी! आपल्या लॅबच्या रिपोर्टवरची रेंज कोणत्या माणसांची, हे तुम्ही कधी विचारलंय? रेंजखाली एक ओळ छापा: किती माणसं, कोण, कोणत्या साली. शाई फार लागणार नाही.

बायकोचं पुढे काय झालं? दाढ दुखत होती म्हणून तिने आधी अ‍ॅस्पिरिन घेतली होती. ती प्लेटलेटला आयुष्यभरासाठी, म्हणजे सात ते दहा दिवस, लुळी करते. म्हणजे 58 खोटं नसावं, पण गोळीबद्दल तिला कोणी विचारलंच नव्हतं. ज्यांच्यावरून 60 ठरलं त्यांना तरी विचारलं होतं की नाही, देव जाणे. तीन आठवड्यांनी 74 आलं. रेंजच्या रकान्यात मात्र तेच, 60 ते 90. मी पुन्हा फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून त्यांनी तो ठेवून दिला.