आधी घरचा वाटा

पूर्वी खळ्यावर एक शिस्त पाळली जात असे. रास घरी नेण्यापूर्वी बलुतेदारांचा वाटा तेथेच मोजून दिला जाई. राहिलेले धान्य मग धन्याच्या घरी जाई. ती व्यवस्था आता उरलेली नाही, आणि तिच्यातील विषमतेचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु वाटा शेवटी काढावयाचा म्हटले की तो बहुधा निघतच नाही, एवढी गोष्ट त्या शिस्तीने अचूक ओळखली होती. भाजीपाला आणि फळे यांच्या बाबतीत आजच्या शेतकरी कुटुंबाने हीच गोष्ट नव्याने ध्यानात घेणे अगत्याचे झाले आहे. कारण येथे शेवटचा वाटा घरच्यांचा असतो.

पहाटे तोडणी होते. सरळ, सारख्या आकाराचा व डागविरहित माल क्रेटमध्ये भरला जातो. किडका, वाकडा किंवा जून झालेला माल बाजूला पडतो आणि तोच घरी येतो. भाव चढला की सर्व माल बाजारात जातो. भाव पडला की तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नाही म्हणून पीक शेतातच सोडले जाते किंवा जनावरांपुढे टाकले जाते. तेजी असो वा मंदी, घरच्या भांड्यात पडणारी भाजी मात्र तेवढीच राहते. फळांची गोष्टही याहून वेगळी नाही. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड महाराष्ट्रात १९९० सालापासून सुरू झाली आणि पुष्कळ कोरडवाहू रानांत आंबा, चिकू, डाळिंब, सीताफळ, बोर ही झाडे उभी राहिली. तरीही अनेक घरांत फळ हे उपवासाला, पाहुण्याला किंवा आजाऱ्यालाच द्यावयाची वस्तू समजले जाते.

गरज किती आणि मिळते किती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ माणसाच्या दिवसाच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावीत, असे सांगितले आहे. या भाज्यांत बटाटा धरावयाचा नाही. पाच माणसांच्या घरात लहान मुले असल्यास आकडा थोडा उतरेल. तरी दिवसाला दोन किलोंच्या आसपास भाजी त्या घरास हवी. आठवडे बाजारातून आणलेली एक पिशवी या हिशेबाने तीन-चार दिवसांत संपते. पुढचे दिवस भाकरी, ठेचा आणि पातळ वरण यांवर निघतात. पोट भरते, म्हणून उणीव जाणवत नाही. आणि हीच या उणिवेतील खरी अडचण होय.

ती उणीव अंगावर दिसते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. केवळ पालेभाजी खाल्ल्याने तो जाईल, असे कोणी समजू नये. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. परंतु ज्या घरात भाजी कमी शिजते, तेथे सर्वांचे जेवण झाल्यावर ताटावर बसणाऱ्या स्त्रीच्या वाट्यास उरलेला रस्साच येतो, हेही तितकेच खरे आहे. घरचा वाटा आधी काढणे याचा अर्थ या स्त्रीचा वाटाही आधी काढणे असा घ्यावयास हवा.

सणाचे शहाणपण रोजच्या जेवणात

पोषणावरील व्याख्यानांत जीवनसत्त्वांच्या याद्या वाचून दाखविल्या जातात. ऐकणारे मान डोलावतात आणि घरी जाऊन नेहमीचाच स्वयंपाक करतात. याचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान नव्हे. अनेक भाज्या एकत्र शिजविण्याचे ज्ञान या समाजात पूर्वीपासून आहे. मात्र ते सणांपुरते ठेवले गेले आहे.

भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाविना पिकलेल्या भाज्यांची एकत्र भाजी होते. तीत अळू, माठ, दोडका, भोपळा, सुरण, मका हे सारे येते. लातूर व धाराशिव भागांत मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला शेतात बसून खावयाच्या भज्जीत तुरीचे, वालाचे व हरभऱ्याचे ओले दाणे भाज्यांबरोबर शिजतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा व बोरे यांची भाजी तिळाच्या बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ली जाते. कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी होते. ज्या हंगामात जे पिकते ते सर्व थोडेथोडे एका भांड्यात घालावे, हेच या चालींतील शहाणपण आहे. ते वर्षातून एक दिवस पाळण्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस पाळले, तर निराळा पोषण आहार शोधीत बसण्याचे कारण नाही.

रोजच्या स्वयंपाकातही भाजी निरनिराळ्या वाटांनी शिरू शकते. वरणात मूठभर मेथी, पालक किंवा शेवग्याचा पाला टाकला की तीच पातळ भाजी होते. पिठल्यात कांद्याची पात वा शेपू घालता येते. थालीपिठाच्या व धपाट्याच्या पिठात चिरलेला पाला, किसलेला दुधी किंवा काकडी मळता येते. मूल भाजी बाजूला सारते, पण पिठात मळलेली भाजी त्याला बाजूला सारता येत नाही. लाल भोपळ्याचे घारगे तर मुले मागून खातात. दोडक्याच्या शिरा व दुधीची साल टाकून न देता त्यांची चटणी करावी. मुळ्याचा कोवळा पाला भाजीला व मुळ्याच्या डिंगऱ्या कोशिंबिरीला चालतात. शेवग्याच्या शेंगा विकून पाला शेळीपुढे टाकण्याची चाल मात्र सोडावी. त्यातील निम्मा पाला तरी चुलीवर जावा.

करण्याच्या रीतीचीही थोडी दक्षता घ्यावी. भाजी आधी धुवावी व मग चिरावी. शिजविताना झाकण ठेवावे. पालेभाजी थोड्या तेलावर परतावी, कारण तिच्यातील अ जीवनसत्त्व अंगी लागण्यास स्निग्ध पदार्थ लागतो. जेवताना लिंबू पिळावे किंवा जेवणाबरोबर आवळा अथवा पेरू खावा. त्यांतील क जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. पेरूमध्ये हे जीवनसत्त्व संत्र्याहून कित्येक पट असते. याउलट जेवणाला लागून घेतलेला चहा हे शोषण कमी करतो. म्हणून चहा व जेवण यांत तास-दोन तासांचे अंतर असावे.

रानभाजी ही गरिबीची खूण नव्हे

पावसाळ्याच्या आरंभी बाजारात भाजी महाग असते आणि नेमकी तेव्हाच बांधावर व रानात टाकळा, कुर्डू, करटोली, भारंगी, घोळ, तांदुळजा या भाज्या फुकट उगवतात. डोंगराळ भागातील आदिवासी स्त्रियांना त्यांची उत्तम पारख असते. शेवळे घशाला खाजवतात म्हणून ती आंबट घालूनच शिजवावी लागतात, हे त्यांना सांगावे लागत नाही. इतरांनी हे ज्ञान त्यांच्याकडूनच घ्यावे, आणि ओळख पटल्याविना कोणतीही रानभाजी खाऊ नये. ही भाजी खाणे म्हणजे कमीपणा, ही समजूत मात्र सोडली पाहिजे. तणनाशक मारलेल्या बांधावरची भाजी खुडू नये, हे वेगळे सांगावयास नको.

बियाण्यांच्या बाबतीतही अशीच दृष्टी हवी. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी घेवडा, वाल व इतर भाज्यांचे गावरान वाण जपले आणि त्यांचे बी घरोघरी पोचविले. या कार्याबद्दल त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. घरच्या भाजीचे बी घरीच राहिले, तर परसबाग दुकानावर अवलंबून राहत नाही.

पाणी, पैसा आणि वेळ

या विचारावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला पाण्याचा. अर्ध्या गुंठ्याच्या परसबागेस फार पाणी लागत नाही. न्हाणीचे सांडपाणी पपई, केळ व शेवगा यांना द्यावे. पालेभाज्यांच्या वाफ्यात ते सोडू नये. दोडका, घेवडा, कारले यांचे वेल गोठ्याच्या छपरावर चढवावेत. पावसाळ्यात माठ, अंबाडी, भेंडी व गवार. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, गाजर व टोमॅटो. उन्हाळ्यात तांदुळजा, घोळ व काकडी असा क्रम ठेवावा. पालेभाजीचे सर्व बी एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी एकेक लहान वाफा पेरावा. मेथी सुमारे महिनाभरात तोडणीस येते. त्यामुळे एक वाफा संपेतो दुसरा तयार होतो. हरभऱ्याचे शेंडे कोवळेपणी खुडल्यास झाडाला फुटवे अधिक येतात आणि घरी भाजीही मिळते. तो पाला सावलीत वाळवून ठेवल्यास उन्हाळ्यातील टंचाईत उपयोगी पडतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. वीस किलोंच्या क्रेटमधून दोन किलो भाजी घरी ठेवली तर तितके पैसे बुडतात, असे म्हटले जाते. परंतु घरखर्चाच्या वहीत औषधोपचाराचा आकडा लिहिताना ही दोन किलो भाजी कोणी आठवत नाही. शिवाय जो माल घरच्या ताटात वाढण्यास मन कचरते, तो बाजारात कोणत्या मनाने पाठवावयाचा, हाही प्रश्न आहे. काही जण घरासाठी न फवारलेली एक सरी वेगळी राखतात. तोडणीपूर्वी फवारणीनंतर किती दिवस थांबावयाचे, ते औषधाच्या वेष्टणावर छापलेले असते. ज्या वाफ्यातून घरची मुले खाणार आहेत, त्या वाफ्यात ते दिवस आपोआप पाळले जातात. घरचा वाटा बाजाराच्याच वाफ्यातून काढला, तर विकत घेणाऱ्याच्या मुलांचेही त्यात हित आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तोच सर्वांत खरा आहे. पालेभाजी निवडणे, धुणे, चिरणे हे सारे घरच्या स्त्रीवर पडते, आणि तीच दिवसभर शेतातही राबते. तिच्यावर आणखी एक काम लादून परसबाग टिकणार नाही. वाफा खणणे, कुंपण करणे, पाणी देणे ही कामे पुरुषांनी उचलावीत. संध्याकाळी भाजी निवडावयास घरातील सर्वांनी बसावे. हे ज्या घरात होत नाही, तेथे पहिल्या पावसाबरोबर लावलेली परसबाग दिवाळीपर्यंत गवताने भरून जाते.

कार्यकर्त्याने काय विचारावे

ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांनी किती बियाण्यांची पाकिटे वाटली, हा आकडा अहवालास पुरेसा असेल. कामास तो पुरेसा नाही. सप्टेंबरमधील पोषण माह संपल्यावरही घरी जावे आणि एकच गोष्ट विचारावी: गेल्या सात दिवसांत किती दिवस भाजी शिजली, आणि ती शेवटी जेवणाऱ्याच्या ताटात किती आली? बचत गटाच्या बैठकीत प्रत्येक घराचा हा आकडा महिन्यातून एकदा त्या घरच्या बाईनेच सांगावा. आकडा तीनवरून पाचवर गेला, तर काम झाले असे समजावे. न गेल्यास पाणी, बी किंवा मनुष्यबळ यांपैकी काय कमी पडले ते तेथेच शोधावे.

राज्याच्या शेतांतून भाजी व फळे भरलेली वाहने रोज शहरांकडे निघतात, आणि ती निघावीतच. शेतकऱ्याचा संसार त्यांवर चालतो. मात्र वाहनात पहिले क्रेट चढण्यापूर्वी एक पाटी भरून घरात गेलेली असावी. त्या पाटीतील माल वाहनातील मालाइतकाच चांगला असावा, एवढेच मागणे आहे.