लिंक म्हणजे रिपोर्ट नव्हे

निन्टेंडो कंपनीने २७ मार्च २०२३ रोजी ‘थ्रीडीएस’ आणि ‘वी यू’ या जुन्या यंत्रांवरील गेमची ऑनलाइन विक्री थांबवली. विकत घेतलेले गेम तूर्त पुन्हा डाउनलोड होतात; पण किती दिवस, हे कंपनीच ठरवणार.

वैद्यकीय रिपोर्टचेही तसेच आहे. छातीत दुखत असेल तर ईसीजीतील बदल नवा की जुना, हे मागच्या ईसीजीशी ताडून पाहावे लागते. नेमकी तेव्हाच मोबाइलवरील लिंक उघडत नाही. ‘आभा’ क्रमांक नोंदी जोडतो. साठवण मात्र त्या-त्या रुग्णालयाकडेच असते.

म्हणून रुग्णालये व लॅबनी लिंकऐवजी फाइलच द्यावी. आपणही ती उतरवून छापील प्रत घरी ठेवावी. थर्मल कागदावरच्या ईसीजीची झेरॉक्स काढावी. त्यावरील रेघा कालांतराने पुसट होतात.