चाक फिरवून पाणी कोठे जाते?

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा आणि दोघींचा संगम नरसिंगपुरास. अशा दोन नद्यांच्या बेचक्यातील मुलखात उन्हाळा आला की बायाबापड्यांनी टँकरची वाट पाहावी, आणि शेजारच्या बारामती तालुक्यातील सुपे-मोरगावच्या जिराईत पट्ट्यातही तीच दशा असावी, हे पाहून परका मनुष्य म्हणेल की येथील लोक आळशी असावेत. लोक आळशी नाहीत. पाणी कोणी, कोणीकडे व कोणासाठी वळविले, याचा हिशेब मात्र रयतेने कधी मागितला नाही.

१८७६-७७ च्या दुष्काळात माणसे व गुरे मेली, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. भाटघरास बांध घातला आणि १८८५ साली नीरेचा डावा कालवा पुरंदर, बारामती, इंदापूर असा वाहू लागला. पुढे १९२० नंतरच्या दशकात भाटघरचे मोठे धरण पुरे झाले, १९६५ च्या सुमारास वीरचे झाले. ह्या दोन्ही ठिकाणी आज वीजघरे आहेत. तेथील पाणी आधी चाक फिरविते, मग नदीत उतरते, कालव्याला लागते आणि शेवटी चारीने शेतात येते. एकाच पाण्याने दिवाही लागतो व पीकही भिजते. अशा विजेस कोणता शेतकरी नको म्हणेल?

आता सह्याद्रीच्या माथ्यावर चला. तेथे टाटांच्या कंपन्यांनी इंद्रायणी, आंद्रा व मुळा ह्या नद्यांचे पाणी अडविले. खोपोलीचे वीजघर १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली व भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. ह्या नद्या उताराप्रमाणे पूर्वेकडे भीमेस मिळावयाच्या. पण त्यांचे पाणी नळांतून पश्चिमेच्या कड्याखाली सोडले, चाके फिरली, मुंबईच्या गिरण्या चालल्या, आणि पाणी पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका या नद्यांच्या वाटेने कोकणात गेले. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ साली मर्यादा घातली ती अशी: भीमेच्या खोऱ्यातून कोणत्याही एका वर्षी ५४.५ अब्ज घनफूट व लागोपाठच्या पाच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी नेऊ नये. म्हणजे वर्षाकाठी सरासरी ४२ अब्ज घनफूट नेण्याची मुभा झाली. भाटघरचे सबंध धरण साडेतेवीस अब्ज घनफुटांचे आहे. वाचकांनी गुणाकार घरीच करून पाहावा.

याची किंमत प्रथम मावळ्यांनी दिली. १९२१ साली मुळशीत सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह झाला. 'जान किंवा जमीन' म्हणणाऱ्या कुळांची जमीन गेली, आणि गहाणखते ज्यांच्या पेटीत होती त्या पुण्याच्या सावकारांपैकी पुष्कळांना मोबदल्याचीच गोडी वाटली. खाली इंदापूरकरांनीही कमी दिलेले नाही. १९८० साली उजनी पुरी झाली. भीमाकाठची काळीभोर जमीन व नांदती गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहावयास जातात. तमाशा पाहणाऱ्यांनी तेथे कोणाची शेते होती हेही विचारावे.

कोणी म्हणेल, वीज नको काय? वीज पाहिजेच. सुताराच्या रंध्याला, लोहाराच्या भात्याला, विहिरीवरच्या पंपाला ती आता पाहिजे. पण १९१५ साली मुंबईस कोळसा किंवा घाटमाथ्याचे पाणी, इतकेच मार्ग होते. आज वीज शेकडो कोसांवरून तारेने येते, उन्हापासूनही निघते. पाणी तसे तारेने येत नाही. कोकणच्या कुंडलिका-उल्हासकाठच्या लोकांच्या पिण्याच्या वाट्यास आम्ही हात लावा म्हणत नाही. त्यांचा घास काढून आमचे पोट भरावयाचे नाही. त्याहून वरचे जे पाणी निव्वळ चाकासाठी खाली जाते, ते अवर्षणाच्या वर्षी पूर्वेस सोडण्याचा नियम पावसाळ्याआधी कागदावर यावा. पुणे शहराने मुळशीचे पाणी प्यावे ही मागणी जुनीच आहे. तसे झाले तर खडकवासल्याचे तेवढे पाणी दौंड-इंदापूरच्या शेपटाकडे व जनाई-शिरसाईच्या जिराईत गावांस मोकळे होईल.

आमच्या घरचेही एक बोलून टाकतो. विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक-पद्धती आणली, तिचा हेतू ऊस एका तृतीयांशात ठेवून पाणी अनेक गावांत पसरावे हा होता. आज कालव्याच्या मुखाशी उसाचे रान आणि शेपटाशी कोरडी चारी! मुळशीचे पाणी आले व तेही मुखाशीच जिरले, तर शेपटाकडील शेतकऱ्याने कोणाला दोष द्यावा? आणि ज्याच्या नावे सातबाराच नाही त्या कुंभार, न्हावी, मातंग, महार बंधूंच्या पिण्याचा व धंद्याचा वाटा कोणत्या पाळीत धरला आहे?

कालवा सल्लागार समितीची बैठक भरण्यापूर्वी गावोगावच्या ग्रामसभांनी ठराव करून पाठवावेत. ठरावाच्या पहिल्याच ओळीत विचारावे: मुळशीत आज पाणी किती, आणि ते कोणत्या बाजूस सोडणार?