कनेक्शन कोणाच्या नावावर?

बुधवारी दुपारी तीन ते पाच मी घरून समुपदेशन करते. आमच्या केंद्रात दोनच खोल्या आहेत आणि बुधवारी त्यातल्या एका खोलीत वकीलबाई बसतात, म्हणून ही सोय. आमच्या इमारतीत मोबाईलची रेंज धड मिळत नाही, तेव्हा घरात बसून बोलायचे तर वायफायवरूनच. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी तिसऱ्या खेपेला बोलायला तयार झाली होती. शेजारणीच्या फोनवरून बोलत होती. सुरुवातीलाच तिने सांगितले, ‘ताई, या नंबरवर परत फोन करू नका, फोन माझा नाही.’ दहा-बारा मिनिटे सासूच्या गुडघेदुखीबद्दल, रेशनबद्दल बोलली. असे इकडचे तिकडचे बोलणे म्हणजे काय असते हे तुम्हा कार्यकर्त्यांना सांगायला नको. मग म्हणाली, ‘एक सांगू का?’ आणि तेवढ्यात कपाटावरच्या डब्याचा लाल दिवा लागला.

तिला काय वाटले असेल? ताईने फोन कापला.

इंटरनेट बंद पडणे ही काही जगावेगळी आपत्ती नाही. आमच्याकडे तर ते आठवड्यातून दोनदा बंद पडायचे. पण त्या दिवशी मी चिडून कंपनीला फोन लावला, तो शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन. पलीकडच्या मुलाने नम्रपणे विचारले, ‘कनेक्शन कोणाच्या नावावर आहे?’ नवऱ्याच्या. ‘मग त्यांनाच बोलायला सांगा, मॅडम.’ नवरा कामासाठी नागपूरला. तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला, दारातच म्हणाला, ‘वहिनी, साहेब आहेत का?’ त्याने वायर जोडली, दिवा हिरवा झाला, पण तक्रार बंद करायला ओटीपी हवा आणि तो गेला नागपूरला. साहेब मीटिंगमध्ये. दुरुस्तीवाला आणि मी वीस मिनिटे एकमेकांकडे बघत बसलो. (माझा नवरा चांगला आहे. हे इथे लिहून टाकावेसे वाटते, यातच काय ते आले.)

फॉर्म भरला तेव्हा चार वर्षांपूर्वी आम्ही दोघेही तिथे होतो. ‘साहेब, इथे सही करा,’ असे विक्रेता म्हणाला आणि मीच पेन पुढे केले. गॅसचे पुस्तक, विजेचे बिल, घराचे करारपत्र यांवर बाईचे नाव असावे म्हणून शिबिरांतून घसा कोरडा करणारी मी. इंटरनेट मात्र मला ‘टेक्निकल’ वाटले होते. आणि टेक्निकल म्हटले की आपण शिकलेल्या बायकासुद्धा किती सहज बाजूला होतो!

तेव्हा कंपनी बदलायची, आणि नवे कनेक्शन माझ्या नावावर, माझ्या मोबाईल नंबरावर घ्यायचे असे ठरवले. जाहिराती पाहिल्या. शंभर, दोनशे, तीनशे एमबीपीएस. जणू घरात रेल्वे आणायची आहे. माझ्या कामाला लागतो तो साधा व्हिडिओ कॉल. त्याला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. आपल्या सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग २ एमबीपीएस केला, त्याआधी तो ५१२ केबीपीएस इतकाच होता. म्हणजे वेग हा माझा प्रश्नच नव्हता. माझा प्रश्न होता, तीन ते पाच या वेळात ते चालू राहील का?

याचे उत्तर दुकानात मिळाले नाही, जिन्यात मिळाले. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या बाईची खोड म्हणून मी वही घेऊन इमारतीत फिरले. ज्यांच्या घरी पुरुषांनी दार उघडले ते म्हणाले, ‘आमचं मस्त चालतं.’ ते खोटे बोलत नव्हते. सकाळी आठला बाहेर पडून रात्री घरी येणाऱ्याला ते मस्तच चालताना दिसते. दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी मात्र बोटावर मोजून सांगितले की कोणाची लाईन दुपारी दोनला जाते, कोणाची पावसाची सर आली की जाते. ब्लाऊजची मापे व्हिडिओवर घेणारी एक जण आहे, तिला कोणता केबलवाला रविवारी फोन उचलतो ते पाठ. नळाला पाणी कधी येते हे जसे बायकांनाच ठाऊक असते, तसेच हे. कनेक्शन निवडले पुरुषांनी, आणि त्याचा अभ्यास झाला आहे बायकांचा. हा अभ्यास कोणी विचारतच नाही.

त्यांच्याकडून आणि नंतर माझ्या अनुभवातून जे शिकले ते सांगते. वायर कुठून येते ते डोळ्यांनी बघा. गच्च्यांवरून लोंबकळत येणारी पहिल्या वादळात तुटते. जमिनीखालून येणारी रस्ता खोदला की तुटते, पण रस्ता रोज खोदत नाहीत (आमच्याकडे जवळजवळ रोज खोदतात, तो भाग वेगळा). लाल दिवा म्हणजे बहुतेक वेळा बाहेरून प्रकाशच येत नाही, घरातला डबा शंभर वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. दिवे हिरवे आणि तरी स्वयंपाकघरात चित्र अडकते, तर दोष वायरचा नसून डब्याच्या जागेचा आहे. डबा कायम पुढच्या खोलीत, टीव्हीच्या मागे बसवतात. काम करणारी बाई दोन भिंतींपलीकडे ओट्याजवळ. मी तो मधल्या दारावर लावून घेतला. दुरुस्तीवाल्याला ते बरे दिसेना. आणखी एक: घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही, इमारतीच्या जिन्यातल्या कंपनीच्या पेटीला बॅटरी आहे का ते विचारा. अपलोड किती, महिन्याची मर्यादा संपल्यावर वेग किती उतरतो, हेही. वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट म्हणतात. पण एकदा पैसे अडकले की तुमच्या तक्रारीला कोण विचारतो? पहिले तीन महिने मी दरमहाच भरले. डब्याच्या अनामत रकमेची पावती लेखी घेतली. शेवटी निवडला तो कोपऱ्यावरचा केबलवाला. मोठ्या कंपनीपेक्षा थोडा महाग, वर १८ टक्के जीएसटी, पण त्याचा माणूस सायकलने येतो आणि नाव माझे विचारतो.

तक्रारीचीही एक रीत आहे, ती आपल्या गटांना माहीत हवी. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय, ते एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. मात्र त्याच्या २०१२ च्या नियमावलीप्रमाणे कंपनीने प्रत्येक तक्रारीला नोंदणी क्रमांक द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, त्याला फी नाही, आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. क्रमांक घेतला नाही तर तुमची तक्रार झालीच नाही असे समजा. पूर्वी दूरध्वनीच्या भांडणात ग्राहक मंचाचे दार बंद आहे असे सांगून वाटेला लावत; सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते दार उघडे असल्याचे स्पष्ट केले. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे.

आता कोणी म्हणेल, हा मध्यमवर्गीय बाईचा कुरकुरीचा विषय झाला. मलाही लिहिताना तसे वाटले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (पाचवी फेरी) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ३३.३ टक्के बायकांनी कधी तरी इंटरनेट वापरले होते, पुरुषांत हे प्रमाण ५७.१ टक्के होते. ‘कधी तरी’! स्वतः वापरते असा मोबाईल असलेल्या बायका ५३.९ टक्के. तेव्हा माझ्या लाल दिव्याचे दुःख करत बसणे शोभत नाही हे खरे. पण याच आकड्यांमुळे मला विषय सोडवतही नाही. घरात इंटरनेट असणे आणि घरातल्या बाईला इंटरनेट असणे या दोन गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये उभे असते ते नाव, तो ओटीपी, तो पासवर्ड.

केंद्रात हल्ली जे ऐकते त्यात हे वारंवार येते. नवरा कामाला जाताना पासवर्ड बदलून जातो. भांडण झाले की डबाच बंद करून पिशवीत घालून नेतो. पूर्वी फोनच्या डायलला लावायचे ते छोटे कुलूप तुमच्यातल्या वयस्कर मैत्रिणींना आठवत असेल. तेच हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ मध्ये आर्थिक छळाच्या व्याख्येत, घरातल्या नात्यामुळे बाईला वापरायचा हक्क असलेली साधने व सुविधा तोडणे हेही आहे. माझ्या मते वायफाय त्यात बसते. वीज-पाणी तोडले तर आपण अर्जात लिहितो, मग हे का लिहीत नाही? केरळ उच्च न्यायालयाने तर १९ सप्टेंबर २०१९ रोजी इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. तो खटला आणला होता फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा फोन वापरायला बंदी होती, ती न पाळल्यामुळे तिला बाहेर काढले होते. न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले. खोली, फोन आणि संध्याकाळचे चार तास एवढ्यावरून ती न्यायालयात गेली, आणि मी चार वर्षे एक ओटीपी स्वतःच्या नंबरावर आणला नाही.

आमच्या केंद्रात बाई पहिल्यांदा येते तेव्हा जे नोंद-पत्रक भरतो, त्यात रेशनकार्ड कोणाच्या नावावर, बँक खाते आहे का, हे विचारतो. त्यात मी दोन ओळी हाताने वाढवल्या आहेत: घरात इंटरनेट आहे का, आणि पासवर्ड कोणाकडे असतो. सहकाऱ्यांना आधी हे फालतू वाटले; पत्रक आधीच तीन पानांचे आहे, हा त्यांचा मुद्दाही बरोबर. पण गेल्या महिन्यापासून त्या ओळी भरल्या जात आहेत. पुढच्या बैठकीत पत्रक पुन्हा छापायचे आहे, तेव्हा त्या छापील व्हाव्यात असे मी मांडणार आहे. तुमच्या केंद्रात असे काही विचारत असाल तर कळवा.

ती मुलगी अजून परत बोललेली नाही. बुधवारी तीनला मी डबा तपासून बसते.